पाच वर्षांपर्यंत साहेब

दीड वर्षाच्या उघड्याबंब पोराला कडक सॅल्यूट ठोकणारा म्हातारा तुम्ही पाहिला नसेल. आमच्या गल्लीत तो रोज सकाळी साडेसातला बघायला मिळतो. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली खाकी विजार, पायात पॉलिश केलेले काळे बूट. समोर ओट्यावर एखादं बाळ बसलेलं असतं, नाक वाहतंय, हातात भाकरीचा तुकडा. म्हातारा टाचा जुळवतो, छाती काढतो, हात कपाळाला लावतो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतो, "जय हिंद साहेब! आज काय हुकूम?"

बाळ बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. कधी भाकरी खाली टाकतं. म्हातारा वाकून ती उचलतो, शेजारच्या कोंबडीला घालतो आणि सांगतो, "कोंबडीला रेशन द्यायचा हुकूम झालाय."

हे आमचे हवालदार बापू. नात्याने माझे चुलत सासरे, आणि घराने शेजारी. आमच्या दोघांच्या परसात कमरेएवढी भिंत आहे, ती नसल्यासारखीच. रहिमतपूरपासून पाच-सहा किलोमीटरवरचं आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. बापूंनी फौजेत बावीस-चोवीस वर्षं काढली आणि पेन्शनला आल्यावर गल्लीतल्या पोरांना वाढवायचं काम अंगावर घेतलं. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा नियम एकच आणि साधा. पाच वर्षांपर्यंत पोर म्हणजे साहेब. मुलगी असली तरी साहेबच. पाच पूर्ण झाली की रंगरूट. आणि सोळावं लागलं की दोस्त. यात एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. बापूंच्या खोलीत एक कॅलेंडर आहे, त्यावर गल्लीतल्या सगळ्या पोरांचे वाढदिवस लाल पेनाने लिहिलेले. आईबाप विसरतील, बापू विसरत नाहीत.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. आर्या तीन महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन सासरी आले. आर्याचे पप्पाही फौजेत, बाळाला चार दिवस बघून परत गेले होते. गाडीतून उतरले तर दारात हा माणूस सॅल्यूट करून ताठ उभा. मी बावरले. नव्या सुनेला असा मान कोण देतं? मी घाईघाईने पदर सावरला आणि वाकून नमस्कार करायला गेले.

"तुला न्हाई गं सूनबाई," बापू हात खाली न घेता म्हणाले. "साहेबांना हाय. आन् साहेबांची मान धर आदी, डुगडुगतीया."

उष्टावणाला माझा भाऊ कवठे महांकाळहून चांदीची वाटी घेऊन आला. मामाने पहिला घास भरवायचा, ही रीत. घरात सगळ्यांनी आर्याला धरून, टाळ्या वाजवून तिचं तोंड उघडायचा प्रयत्न चालवला होता. बापूंनी सगळ्यांना मागे हटवलं. "जेवण पसंत हाय का नाही, ह्ये साहेब ठरवणार. जबरदस्ती न्हाई चालायची." माझ्या भावाने चमचा पुढे केला, आर्याने खीर तोंडात घेतली, नीट चव बघितली आणि सगळी मामाच्या नव्या शर्टावर उडवली. बापू गंभीरपणे म्हणाले, "नापसंत." माझा भाऊ दिवसभर खिरीच्या डागाचा शर्ट घालून हिंडला, आणि रात्रीच्या गाडीने परत जाताना मला म्हणाला, "ताई, ह्यो म्हातारा लय भारी हाय. ह्येला जपा."

जावळ काढायला आम्ही देवळात गेलो, तेव्हा तर कहरच झाला. वस्तऱ्याचं चकचकीत पातं बघून आर्याने असा आक्रोश केला की देवळातली कबुतरं उडाली. न्हावी हात जोडून मागे सरला. बापूंनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. "आदी माजी काढ रं गड्या. साहेबांना बघू दे कसं असतं त्ये." न्हाव्याने भीत भीत त्यांचं डोकं भादरलं. प्रत्येक झुपका खाली पडला की बापू आर्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. ती रडायची थांबली, मग हसायला लागली, मग त्यांच्या गुळगुळीत डोक्यावर थापट्या मारायला लागली. तिचं जावळ कधी निघालं, तिला कळलंच नाही. घरी आल्यावर शांताकाकी, म्हणजे बापूंची बायको, दारात कमरेवर हात ठेवून उभी. तिने नवऱ्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "मिशी ठेवलीसा ती बरं केलंसा. न्हाईतर मी वळखलं नसतं, घरात घेतलं नसतं."

ही सगळी गंमत वाटते खरी. पण माझ्यासाठी ती गंमत नव्हती. नवरा वर्षातून दोन महिने घरी. उरलेले दहा महिने पोरीला पप्पा म्हणजे फोनच्या काचेतला एक चेहरा. बापूंनी त्या चेहऱ्यालाही शिस्त लावली. आर्या दोन वर्षांची होती. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की तिचे पप्पा तिकडून सुरू करायचे, "दूध प्यायलं का? आईला त्रास दिला का? ए फॉर काय?" ती तोंड फिरवायची. बापूंनी एकदा भिंतीवरून हे ऐकलं आणि हात लांब करून माझा फोन घेतला.

"इजय, ती कोण हाय?"

"आर्या, बापू."

"साहेब हाईत ते. हवालदारानं, नायकानं साहेबाला प्रश्न इचारायचं नसत्यात. हुकूम घ्यायचा. म्हण, साहेब काय करू?"

पलीकडे बर्फातल्या कुठल्याशा तळावर उभा असलेला माझा नवरा बिचारा म्हणाला, "साहेब, काय करू?"

आर्याने विचार केला आणि हुकूम सोडला, "म्याऊ कर."

त्याने म्याऊ केलं. त्याच्या मागे बराकीत चार-पाच जण खो खो हसले. त्या दिवसापासून ती संध्याकाळची वाट बघायला लागली. पप्पांनी रोज काहीतरी करायचं, मांजर, बेडूक, एस.टी.चा हॉर्न. रजेवर आल्यावर त्याने एकदा तिच्यावर आवाज चढवला, तिने त्याचा गॉगल पायाखाली घातला म्हणून. भिंतीपलीकडून गर्जना आली, "इजय! साहेबांवर वराडतोस? गुडघ्यावर हो!" आणि फौजेत नायक असलेला माझा नवरा खरोखर गुडघ्यावर झाला. मग घोडा होणं आलंच. अंगणात तीन फेऱ्या झाल्या. बापू भिंतीवर कोपर टेकून बघत होते. मला तेव्हा वाटलं, ते मजा बघतायत. आता आठवलं की वाटतं, ते जरा जास्तच वेळ बघत होते.

आर्याचा पाचवा वाढदिवस भाद्रपदात, गणपती जाऊन आठ-दहा दिवस झाल्यावर. सकाळी ती नवा फ्रॉक घालून ओट्यावर जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून, साहेबासारखी. बापू आले. थांबले. सॅल्यूट नाही.

"बापू, जय हिंद," तिने आठवण करून दिली.

"रंगरूट!" बापू कडाडले. "चप्पल कुठं हाय?"

तिने सवयीने पाय पुढे केला. रोज बापूच चप्पल आणून घालायचे.

"कोण आणणार? साहेब हुते तवर नोकर हुता. काल राती बारा वाजता नोकरी संपली त्येची. जा, चप्पल आण. पळत!"

ती रडत माझ्याकडे आली. "आई, बापूंनी मला ओळखलंच नाही." मला वाईट वाटलं. भिंतीपाशी जाऊन बोलणार होते, तर बापू स्वतःच भिंतीला पाठ लावून बसलेले. काकी मला खुणेने म्हणाली, थांब. आणि मग हळूच, "सकाळपास्नं चार येळा चेहरा कडक करायची प्रॅक्टिस केलीया आरशात. पोरगी रडली तवा ह्येंचं बी पाणी झालंय. आता तू नगं बोलूस."

पुढे दसरा आला. पाटीपूजनाला आर्याच्या पाटीवर बापूंनी एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, ताटात तांदूळ पसरले आणि तिचं बोट धरून पहिला श्री काढून घेतला. दुसरा श्री काढताना बोट सोडलं. तो वाकडा आला. बापू म्हणाले, "वाकडा असू दे. ह्यो तुजा हाय. पयला माजा हुता."

रंगरूटपणाची दहा वर्षं म्हणजे आमच्या घरात परेडच होती. स्वतःचं अंथरूण स्वतः घडी करायचं. ताट स्वतः उचलायचं, आणि आईचंही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला की शुभंकरोती अशी म्हणायची की भिंतीपलीकडे ऐकू गेली पाहिजे. नाहीतर तिकडून आवाज यायचा, "आवाज न्हाई आला! देव बहिरा न्हाई, पर मी हाय!"

आमच्याकडे मुंजीची रीत नाही. पण बापूंना मुंजीतली भिक्षा फार आवडायची. "बाकी ऱ्हाऊ दे, पर मागाय लावत्यात ती गोष्ट लाखाची हाय," म्हणायचे. म्हणून त्यांनी आपली एक वेगळीच रीत पाडली. आठवं वर्ष लागलं की पोरगा असो, पोरगी असो, खांद्याला पिशवी अडकवायची आणि पाच घरी जाऊन मूठभर तांदूळ नाहीतर डाळ मागायची. त्याची खिचडी पोराने स्वतः, मोठ्यांच्या देखरेखीखाली शिजवायची आणि त्याच पाच घरी नेऊन द्यायची. गल्लीच्या टोकाला बौद्ध कुटुंब आहे, तिथल्या सरूआजींच्या नातवाला आठवं लागलं तेव्हा बापू जरा अडखळले. त्यांना सांगावं की नाही? आजींनीच त्यांना हाक मारली. "आवं हवालदार, आमच्या नातवाला का वगळलंसा? आमचं भन्तेजी तर भिक्षेवरच हिंडत्यात, आमाला काय ह्ये नवीन हाय?" तिच्या नातवाची खिचडी गल्लीत सगळ्यात चांगली झाली होती. आर्याची खाली लागली. पाचही घरच्यांनी ती करपलेली खिचडी मान डोलावून खाल्ली, आणि बापूंनी दोनदा मागून घेतली.

मी बापूंची उतराई होऊ शकत नाही, असं मला ज्या दिवशी कळलं, तो दिवस मात्र हसण्याचा नव्हता.

आर्या बारा वर्षांची होती. शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्लास्टिकचा सांगाडा होता. मधल्या सुट्टीत आर्याने त्याच्याशी हात मिळवला, मैत्रिणींना हसवायला जरा जोरात हलवला, आणि सांगाड्याचा हात खांद्यातून निखळून तिच्या हातात आला. तिने तो घाईने परत अडकवला आणि पळाली. दुसऱ्या दिवशी साफसफाईची पाळी पूनम नावाच्या मुलीची होती. तिने फडकं लावलं आणि हात खाली पडला, त्याचे तुकडे झाले. पूनमला दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. ती रडून सांगत होती, मी नाही केलं. आर्या गप्प बसली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरगी जेवत नव्हती एवढंच दिसत होतं. मी विचारलं, तिने सांगितलं नाही. संध्याकाळी बापूंनी भिंतीवरून विचारलं, "रंगरूट, ताट भरलेलं का परत ग्येलं?" आणि ती भिंतीपाशी जाऊन हमसून हमसून सगळं बोलली. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी सातला. बूट पॉलिश करून."

सकाळी दोघं शाळेत चालत गेली. मी मागून गेले. प्रार्थना झाल्यावर बापूंनी मोठ्या बाईंची परवानगी घेतली आणि आर्या सगळ्या शाळेसमोर उभी राहिली. "सांगाड्याचा हात मी मोडला. पूनमने नाही. मी गप्प बसले," एवढं ती बोलली. पूनम तिसऱ्या रांगेत होती. तिने खाली घातलेली मान वर केली.

मोठ्या बाई समजूतदार. म्हणाल्या, "कबूल केलंस, पुष्कळ झालं. जा वर्गात."

"न्हाई बाई," बापू म्हणाले. "ती पोरगी दोन दिवस बाहीर हुती. ही बी दोन दिवस उभी ऱ्हाईल."

"आवं पण काका..."

"आन् मी बी ऱ्हाणार. हिचं ट्रेनिंग माज्याकडं हाय. रंगरूट चुकलं तर उस्ताद बी उभा ऱ्हातो. आमच्यात तसंच हाय."

बाईंनी खूप समजावलं. बापू वर्गाबाहेर, व्हरांड्यात, आर्याच्या बाजूला सावधान उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. शिपाई खुर्ची घेऊन आला, बापू बसले नाहीत. मास्तर चहा घेऊन आले, त्यांनी तो उभ्यानेच घेतला. आर्या रडत म्हणत होती, "बापू, तुम्ही जा ना, मी उभी राहते." ते समोर बघत म्हणाले, "परेडमदी बोलायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गाचं दार उघडलं. पूनम बाहेर आली, कुणाला काही न विचारता आर्याच्या शेजारी उभी राहिली. आज दोघी एकाच बाकावर बसतात, एकमेकींचे ड्रेस घालतात.

त्या संध्याकाळी बापूंचे पाय सुजून खांबासारखे झाले. मी तेल घेऊन गेले. बापू आत पडले होते. काकी स्वयंपाकघरात शेकायला मीठ भाजत होती. मी बोलून गेले, "काकी, दुसऱ्याच्या पोरीसाठी बापू एवढं करतात. आपले संपतभाऊजी लहानपणी किती सुखात वाढले असतील!"

काकीचा उलथनं धरलेला हात थांबला.

संपतभाऊजी हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याकडे कामाला. गौरी-गणपतीला एक दिवस येतात, आईच्या हातात औषधं देतात, बापूंना "बरं आहे ना?" विचारतात, बापू "बरं हाय" म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत जातात. मला वाटायचं, अबोल स्वभाव.

"संपत चार वर्साचा हुता," काकी हळू आवाजात म्हणाली. "ह्ये रजेवर आलं. दोन म्हयन्याची रजा. दुसऱ्या दिवशी मी बगती तर पोरगं ह्येंची काळी ट्रंक भरतंय. कापडं, बूट, दाढीचं सामान, सगळं नीट घडी करून. मी म्हटलं, काय करतुयास? तर म्हणतंय, 'ह्येंना जायाचं हाय न्हवं, उशीर हुईल.' ह्येंनी ऐकलं. पर तवा ह्येंना राग आला गं. बापाला घालवतुयास व्हय, म्हणून. मग दर रजेला शिस्त. पहाटं पळवायचं, थंड पाण्यानं आंगूळ, बोललं की सजा. सोळाव्या वर्सी धावीत गणितात ग्येला. ह्येंनी एस.टी. स्टँडवर, त्येच्या मैतरांसमोर थोबाडीत मारली. त्याच गाडीत बसून पोरगं सांगलीला मामाकडं ग्येलं. परत ऱ्हायला म्हणून आलंच न्हाई."

ती पुन्हा मीठ हलवायला लागली. मी तेलाची वाटी ठेवून उठले. त्यानंतर बापूंचा प्रत्येक सॅल्यूट मला वेगळा दिसायला लागला, पण मी तसं कुणाला बोलले नाही.

यंदा भाद्रपदात आर्याला सोळावं लागलं.

सोळाव्याचा विधी असा. बापू स्वतःच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडतात. चहा कपबशीतून. आणि पोराला "तुम्ही" म्हणून एखाद्या खऱ्या अडचणीवर सल्ला विचारतात. विचारायचं म्हणून विचारत नाहीत, सल्ला मानतातही. सरूआजींच्या नातवाच्या सल्ल्याने त्यांनी गोठ्याचं तोंड उत्तरेला फिरवलं होतं.

मी परसात कपडे वाळत घालत होते. सगळं ऐकू येत होतं.

"बसा दोस्त. साखर बरूबर हाय का?"

"बरोबर आहे बापू." आर्या लाजून बशीत चहा ओतत होती.

बापूंनी आपली बशी संपवली. मग म्हणाले, "दोस्त, ह्ये साहेब, रंगरूट, दोस्त मी कुठनं आणलं, ठावं हाय?"

"नाही."

"आमच्या पलटणीत देऊळ हुतं. दर रविवारी मंदिर परेड. पंडितजी सांगायचं काय काय. एक दिवस सांगितलं, पोरं कशी वाढवावीत असं आपल्या जुन्या लोकांनी लिवलंय. पाच वर्सं राजावानी ठेवा. मग धा वर्सं राबवून घ्या. सोळावं लागलं की मैतर समजा. मी मागच्या रांगेत बसलो हुतो. बोटं मोजली." बापूंनी आपल्या बोटांकडे बघितलं. "संपत सतराचा हुता. एक वरीस उशीर झाला मला ऐकायला."

आर्याने बशी खाली ठेवली. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

"राजा करायच्या वक्ताला मी हितं नव्हतो. राबवायच्या वक्ताला मारलं. आन् मैतर व्हायच्या वर्सी..." ते थांबले. "तर दोस्त, सल्ला पायजे. पन्नाशीच्या माणसाला मैतर कसं करायचं?"

माझी पोरगी आत्ता कुठे सोळाव्यात लागलेली. मला वाटलं, आता ही काय सांगणार. पण ती विचार करत होती, अगदी मन लावून.

"तुम्ही त्यांना फोनवर काय बोलता?"

"पोचलास का. जेवलास का. गाडी सावकाश चालव."

"म्हणजे सगळं सांगणं किंवा चौकशी. कधी काही विचारलंय का? त्यांना येतं आणि तुम्हाला येत नाही, असं?"

बापू विचारात पडले. प्रामाणिकपणे विचारात पडले. "मला काय येत न्हाई?"

आतून काकीचा आवाज आला, "यादी मी देऊ का?"

आर्या हसली, मग एकदम उठून उभी राहिली. बापूंच्या घरामागे दहा गुंठे हळद आहे. गणपतीपासून तिची पानं तांबडी पडून करपत चालली होती. बापूंनी सोसायटीत विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, माझ्या नवऱ्याला काश्मीरमध्ये फोन करून विचारलं. यंदाच्या गौरीच्या दिवशीही, जन्म हळदीत घालवलेला त्यांचा मुलगा त्याच हळदीपासून वीस पावलांवर बसून चहा पिऊन गेला, आणि दोघांपैकी कुणी हळदीचा 'ह' काढला नाही.

आर्याने फोन लावून बापूंच्या हातात दिला. स्पीकर चालू.

"हॅलो? बापू? काय झालं? आई बरी हाय ना?" संपतभाऊजींचा आवाज घाबरलेला. कामाच्या वेळेला या घरून फोन म्हणजे वाईट बातमीच.

"आय बरी हाय. मी... इचारायला फोन केला."

"काय?"

बापू उभे राहिले. फोनवर बोलताना ते कधी उभे राहत नाहीत. "हळद करपाय लागलीया. मला काय सुदरंना. तुला त्यातलं कळतं. काय करू सांग."

आर्याने वाकून फोन बंद पडला का ते बघितलं.

"मला इचारताय?" भाऊजींनी विचारलं.

"व्हय. तुला."

"फोटो पाठवा. पानाचा दोन्ही बाजूंनी."

आर्या पळत गेली, फोटो काढून पाठवले. मग भाऊजी बोलायला लागले. सरीत पाणी साठतंय का, चर काढलेत का, खालची पानं तोडून जाळली का, दाट लावलीय का. इतक्या वर्षांत गौरीच्या एका दिवसात जो माणूस दहा वाक्यं बोलत नव्हता, तो अर्धा तास बोलला. बापू आर्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होते. "हां. पुढं. सावकाश सांग, लिवतोय." एकदाही त्यांनी मध्ये तोडलं नाही.

रविवारी सकाळी संपतभाऊजी आले. सण नाही, वार नाही. सोबत औषधाची बाटली आणि पाठीवरचा पंप. मी भाकऱ्या करत होते, पण लक्ष सगळं परसाच्या खिडकीकडे. भाऊजी पुढे फवारत चाललेले, मागून बापू विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बादली घेऊन. पहिली सरी संपली. भाऊजींनी दुसऱ्या सरीत पाऊल टाकलं आणि बापूंचा परेडवरचा आवाज उसळला, "नोझल वर धर—" तिथेच ते थांबले. घसा खाकरला. आणि म्हणाले, "नोझल कसं धरायचं असतंय रं ह्यात?"

भाऊजींनी वळून बघितलं. बापूंना तीस-बत्तीस वर्षांचा शेतीचा अनुभव आहे हे त्यांना माहीत होतं. नोझल कसं धरायचं हे माहीत नसलेला शेतकरी जिल्ह्यात सापडणार नाही, हेही माहीत होतं. तरी ते मागे आले, बापूंच्या हातात नळी दिली आणि स्वतःच्या हाताने ती खालून वर वळवून दाखवली. "असं. पानाच्या पोटाला लागलं पायजे. बुरशी खालनं असती." बापूंनी दोन रोपं फवारली. "आसं?" "व्हय. बरूबर."

मी ओढणीने डोळे पुसले. आर्या माझ्या मागे उभी होती. तिचे पप्पा पुढच्या वर्षी पेन्शनला येतायत. ती त्यांच्याशी तासन् तास बोलते, भांडते, त्यांच्याकडून गाडी शिकायची म्हणते. तिला पप्पांची ट्रंक कधी भरून ठेवावीशी वाटली नाही. हे कुणामुळे, हे मी एका माणसाला सांगायला पाहिजे होतं. पण तो माणूस त्या वेळी हळदीत फार कामात होता.

संध्याकाळ झाली. गाडीची वेळ होऊन गेली. आमच्या मागच्या दारात शांताकाकी आली, हातात रिकामं पातेलं.

"दूध हाय का गं जादा?" ती म्हणाली. "संपत म्हणतोय, चर उद्या सकाळी काढू. ऱ्हातोय आज."

मी घरातलं होतं तेवढं सगळं दूध तिच्या पातेल्यात ओतलं. ती ते दोन्ही हातांनी धरून तशीच उभी राहिली.

"त्येला साय लय आवडायची," ती म्हणाली. "आता आवडत असंल का गं?"

"मला काय माहीत काकी. त्यांनाच विचारा की."

तिने मान हलवली आणि दूध सांडू न देता, हळूहळू भिंतीच्या कडेने घराकडे गेली. थोड्या वेळाने पलीकडून तिचा आवाज आला. ती विचारत होती.